नमुना सतरा

सोलणीच्या शेडमागं, मिरकरवाड्यात,
पाणी वाहत नाही, साचून राहतं तिथली
चमचाभर माती मी औषधाच्या बाटलीत भरली.
झुलेखा मजगावकर टोपल्यावरून मान न उचलता म्हणाली,
"सोनं लागलं काय रे?"

दुधाच्या बशीवर माती पातळ करून पसरली.
दोन दिवसांनी ठिपके, तांदळाच्या कणीएवढे.
बाकीचे नुसतेच वाढलेले.
सतराव्याभोवती मात्र दूध नाहीसं झालेलं,
चंद्राला पडतं तसं खळं,
आणि खळ्यातून टेबलावरचा जुना ओरखडा
स्वच्छ दिसत होता.

मग त्याला जेवण.
बाटलीबंद पेप्टोन परवडत नाही, सर म्हणाले,
बंदरावर राहून परगावचं अन्न कशाला?
म्हणून कोळंबीची टरफलं, डोकी, मिशा, पाय,
पत्र्यावर कडकडीत वाळवून
गिरणीत दळून आणली. एकदाच.
दुसऱ्या दिवशी वाडीतल्या भाकऱ्या गुलाबी निघाल्या,
गिरणीवाल्यानं मला लांबूनच हात दाखवला.

टरफलांचं पीठ, थोडी काकवी,
कापसाचं बूच,
अठ्ठेचाळीस तास हेलकावे, नांगरलेल्या होडीसारखे.
एका शुक्रवारी लाईट गेली, शेकर थांबला,
सकाळी वॉचमननं विचारलं,
आत कोण मेलंय?

ही मंडळी पोटाबाहेर जेवतात.
आधी अन्नावर आपला रस सोडतात,
विरघळलं की आत घेतात.
आपल्याला हवा तो रस. गरगर फिरवून
जिवाणू तळाशी बसवायचे,
वरचं पिवळट पाणी गाळून बर्फात ठेवायचं,
आणि ज्यांनी ते केलं त्यांना
ऑटोक्लेव्हमध्ये उकडून मोरीत.
अहवालात याची एक ओळ असते.

झुलेखा रोज विचारायची,
"तुझी पोरं जेवली?"
मी म्हणायचो, जेवली, तुमच्याच हातचं.

चिपळूणहून धुण्याच्या पावडरीचा कारखानदार आला.
त्यानं रक्त वाळलेली चिंधी सोबत आणली होती,
कोणाचं रक्त ते मी विचारलं नाही.
चिंधी वाटीत. तो घड्याळाकडे बघत बसला.
डाग गेला.
त्यानं उभ्याउभ्याच ऑर्डर लिहिली.

त्या आठवड्यापासून ठेकेदार टरफलं तोलू लागला.
आधी खाडीत फेकायचा.
आता ढिगावर ताडपत्री,
ताडपत्रीला दोरी, दोरीला कुलूप,
किलोला तीन रुपये.
सोलणीचा दर होता तोच.
"म्हणजे साल महाग झाली," झुलेखा म्हणाली,
"नि सोलणारी?"
माझ्याकडे आकडे होते, युनिट प्रति मिली,
तिला द्यायला त्यातला एकही नव्हता.

तिचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही.
एकवीस वर्षं कोळंबीच्या पाण्यात,
रेषा झिजून बोट काचेसारखं.
दुकानदार तीनदा पुसून लावायला सांगतो,
मग म्हणतो, मावशी, तुम्ही यात नाही.

एकदा ती डबा द्यायला वर आली, बोंबलाचा.
मी एक कोरी दुधाची बशी पुढं केली.
लावा इथं.
"हे पण नाहीच घ्यायचं."
लावा तर.

दोन दिवसांनी झाकण उघडलं.
रेषा नव्हत्याच.
पण अंगठ्याच्या आकारात ठिपके, दाटीवाटीनं,
आणि त्यातल्या पाचांभोवती
तेच खळं.

नोंदवहीत सतराव्या नमुन्यासमोर
मीच लिहिलं होतं: स्रोत, माती.
ते खोडलं नाही.
शेजारी तिचं नाव लिहिलं, आडनावासकट,
पेन्सिलीनं,
कारण वही सोमवारी सर बघतात.